रेडिएटरमध्ये काय घालायचं?

जुनी गाडी घेतली की पेढ्यांपेक्षा सल्ले जास्त वाटले जातात. कुणी टायरवर बोलतं, कुणी विम्यावर. आमच्या साकोलीत मात्र सगळ्यात जास्त बोललं जातं ते रेडिएटरवर. त्याला कारण आहे. नागपूरहून रायपूरला जाणारा महामार्ग गावातूनच जातो. कागदोपत्री तो आता ५३ क्रमांकाचा झाला असला तरी जुनी माणसं त्याला अजून ‘सहा नंबर’च म्हणतात. उन्हाळ्यात कडेला उभा राहिलेला ट्रक, त्यातून निघणारी वाफ आणि डबडं घेऊन हातपंपाकडे निघालेला क्लीनर, हे इथल्या प्रत्येक मुलानं पाहिलेलं असतं. त्यामुळे रेडिएटरबद्दल इथं प्रत्येकाला मत आहे, आणि ते ट्रकवरून बनलेलं आहे.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. इंजिनाशी आमचं नातं चावी फिरवण्यापुरतं. तरी गेल्या वर्षी दहा वर्षं वापरलेली एक छोटी पेट्रोल गाडी घेतली, कारण अम्मींना दर महिन्याला नागपूरला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. लाखनी, भंडारा, मौदा करत शंभरेक किलोमीटरचा रस्ता. फजरनंतर लगेच निघालं की जाणं गारव्यात होतं; परतीला मात्र दुपारचे दोन-तीन वाजतात. आपल्याकडची मे महिन्यातली दुपार वाचकांना सांगायला नको. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तेवढं दरवर्षी होत नाही, पण ४४-४५ हे ठरलेलंच. हृदयाच्या गोळ्या घेणाऱ्या पंचाहत्तर वर्षांच्या बाईला अशा दुपारी सावली नसलेल्या रस्त्यावर, बंद पडलेल्या गाडीत, तासभर बसवायची वेळ येऊ नये, एवढीच आमची इच्छा होती. म्हणून गाडी घरी येताच पहिल्या आठवड्यात गॅरेजला नेली.

मिस्त्रीनं रेडिएटरचं झाकण उघडून बोट आत घातलं. बोट बाहेर आलं ते काळ्या चहासारख्या पाण्यानं माखून. आधीच्या मालकानं वर्षानुवर्षं नळाचं किंवा बोअरचं साधं पाणी घातलेलं असणार. मिस्त्रीनं बोट पुसलं आणि विचारलं, “सर, हिरवा टाकू का गुलाबी? गुलाबीचे पैसे जास्त लागतील.”

आम्ही म्हटलं, “दोन दिवस थांबा भाऊ. वाचून सांगतो.”

तो हसला. मास्तर लोक पाण्याचंसुद्धा वाचन करतात, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

सुरुवात शब्दापासूनच करतो, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. कूलंटला मराठीत ‘शीतक’ म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, यात बर्फासारखा काही थंड गुण असणार. तसं काही नाही. इंजिनात पेट्रोल जळतं, त्यातली साधारण एक तृतीयांश उष्णता हे पाणी उचलतं, रेडिएटरपर्यंत वाहून नेतं आणि तिथं हवेच्या हवाली करतं. हमालाचं काम आहे हे. आणि गंमत अशी की हमाल म्हणून साधं पाणीच सगळ्यात दमदार. ग्लायकॉल मिसळलं की त्याची उष्णता वाहायची ताकद उलट थोडी कमी होते. म्हणजे ‘पाण्यानंच गाडी थंड राहते’ म्हणणारे आमच्या गल्लीतले चाचा अगदीच खोटं बोलत नाहीत.

दुसरा गोंधळ म्हणजे इंजिन जितकं थंड तितकं चांगलं, ही समजूत. इंजिनाला स्वतःची उष्णता हवी असते. पाणी साधारण नव्वद अंशांच्या आसपास असलं की ते सुखात चालतं. त्यासाठीच थर्मोस्टॅट नावाची छोटी झडप असते. बहुतेक गाड्यांत ती ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडायला लागते आणि तोवर पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. उन्हाळी भागातल्या गॅरेजमध्ये ही झडप काढून फेकायची जुनी पद्धत आहे. “काढून टाका, गाडी गरमच होणार नाही,” असं आम्हालाही दोघांनी सांगितलं. झडप काढली की काटा खाली राहतो, मालक खूश होतो. पण इंजिन अर्धकच्च्या तापमानावर चालतं, पेट्रोल जास्त पितं, ऑइल नीट तापत नाही आणि आतले भाग लवकर झिजतात. झडप बिघडली असेल तर नवी बसवावी. तापाचा पेशंट आला म्हणून थर्मामीटर फोडत नाहीत.

मग पाणीच चांगलं असेल तर कूलंटला पैसे का द्यायचे?

याचं उत्तर आम्हाला जुन्या अॅम्बेसेडरमध्ये सापडलं. आमच्या मामूंकडे होती. तिचं इंजिन लोखंडाचं, रेडिएटर तांब्या-पितळेचं. त्यात कुणी काहीही घालावं. गळायला लागलं तर डाख देणारा कारागीर भंडाऱ्यात सहज मिळे. पितळेच्या भांड्यांचंच ते शहर. अॅम्बेसेडर २०१४ साली बनायची बंद झाली, आणि तिच्यासोबत ‘काहीही चालतं’ हा काळही संपायला हवा होता. आजच्या गाडीचं हेड अॅल्युमिनियमचं, रेडिएटर अॅल्युमिनियमचं, त्याच्या दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लॅस्टिकच्या, मधल्या नळ्या चपट्या आणि अरुंद. अॅल्युमिनियम हलकं आहे, उष्णता झटकन सोडतं, पण नाजूक आहे. साध्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू आणि क्षार त्याला खातात. हेड तापलं की वाकतं, मधलं गॅस्केट जातं, पाणी आणि ऑइल एकमेकांत मिसळतात. हेड उतरवायचा खर्च ज्यांनी एकदा केला आहे त्यांना पुढचं समजावून सांगायची गरज नाही.

कूलंटच्या डब्यात नव्वद टक्क्यांहून जास्त असतं ते इथिलीन ग्लायकॉल. पाण्याचा गोठणबिंदू खाली नेणं हे त्याचं मूळ काम. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल असलेलं मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. लेहच्या माणसाला हे जीव वाचवणारं, साकोलीच्या माणसाला निरुपयोगी. उकळबिंदूही थोडा वर जातो, पण थोडाच. आपल्या कामाचं असतं ते उरलेल्या थोड्याशा टक्क्यांत: धातूला गंजण्यापासून वाचवणारी रसायनं. खरं तर आपण पैसे मोजतो ते त्यांचे. ती रसायनं हळूहळू खर्च होतात. रंग तसाच राहतो, टाकी भरलेली दिसते, पण आतली राखण संपलेली असते. म्हणून कूलंटला मुदत असते. जुन्या पद्धतीच्या हिरव्या कूलंटची साधारण दोन वर्षं, नव्या पद्धतीच्या टिकाऊ कूलंटची पाच वर्षं किंवा त्याहून जास्त.

आता रंगाकडे येऊ. मिस्त्रीचा प्रश्न होता हिरवा की गुलाबी. दोन दिवस वाचून आम्हाला कळलं ते एवढंच की या प्रश्नाला उत्तर नाही. रंग हा वरून घातलेला रंग आहे, शरबतात घालतात तसा. कोणत्या रसायनाला कोणता रंग द्यायचा याचा जगभर पाळला जाणारा एकही नियम नाही. टोयोटाचं टिकाऊ कूलंट गुलाबी, होंडाचं निळं. मारुतीच्या जुन्या गाड्यांत हिरवं आणि नव्यांत निळं. दुकानातल्या फळीवर मात्र हिरव्या डब्यांमध्ये एक जुन्या पद्धतीचं असू शकतं आणि शेजारचं तितकंच हिरवं पाच वर्षांचं. म्हणून ‘आहे त्या रंगाचं टाका’ हा सल्लाही पुरा भरवशाचा नाही. दोन वेगळ्या जातींची कूलंटं एकत्र केली तर गाडी लगेच बंद पडते असं नाही. पण दोघांचं आयुष्य घटतं, आणि काही मिश्रणांचा आत चिखल किंवा जेलीसारखा गोळा होतो. तो त्या अरुंद नळ्यांत अडकला की मे महिन्यात हिशेब होतो.

मग बघायचं काय? दोन गोष्टी. पहिली, गाडीसोबत येणारी पुस्तिका. जुनी गाडी घेताना आपण चटयांचा आग्रह धरतो आणि पुस्तिका विसरतो. आमच्या गाडीची पुस्तिका सीटखालच्या कप्प्यात, एका लग्नपत्रिकेच्या पाकिटात मिळाली. त्यात कोणत्या प्रकारचं कूलंट, किती लिटर, किती पाण्यात आणि किती वर्षांनी बदलायचं, हे चार ओळींत स्वच्छ लिहिलं होतं. दुसरी गोष्ट, डब्याच्या मागची बारीक अक्षरं. तिथं भारतीय मानक आयएस ५७५९, जपानी जेआयएस के २२३४ किंवा अमेरिकी एएसटीएम डी ३३०६ यांपैकी काही छापलेलं आहे का ते पाहावं. यातलं काहीच नसेल आणि फक्त रेसच्या गाडीचं चित्र असेल तर डबा परत ठेवावा. हिरवं रंगीत पाणी कूलंट म्हणून विकणारेही बाजारात असतातच.

इथपर्यंत कुठल्याही गावचा माणूस आमच्यासोबत येईल. यापुढची गोष्ट आपल्या पाण्याची आहे, आणि आमच्या मते साकोलीसारख्या गावी खरी निवड तिथंच आहे.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. जुन्या मालगुजारी तलावांवर इथला धान पिकतो. पण घरात येतं ते बहुतेक बोअरचं पाणी. ते किती जड आहे हे आमच्या गीझरला विचारा. दोन वर्षांत त्याच्या कॉइलवर चुन्याचं जाड साल चढलं होतं. पाठ्यपुस्तकात अशा पाण्याला ‘दुष्फेन’ म्हणतात, म्हणजे ज्यात साबणाचा फेस होत नाही. मुलं परीक्षेत व्याख्या बरोबर लिहितात आणि घरी जाऊन तेच पाणी वडिलांच्या गाडीत ओततात.

कूलंट बनवणाऱ्यांनाही या चुन्यानं छळलं आहे. युरोपात पाणी जड. तिथं फॉस्फेट असलेलं कूलंट त्या पाण्यात मिसळलं की कॅल्शियमशी जुळून त्याचा साका होतो. म्हणून युरोपच्या कंपन्यांनी फॉस्फेट टाळलं आणि सिलिकेटचा मार्ग धरला. जपानी कंपन्यांना सिलिकेटमुळे पाण्याच्या पंपाचं सील झिजण्याची भीती. त्यांनी सिलिकेट टाळलं आणि फॉस्फेट ठेवलं. आता आपल्या रस्त्यावर बघा. छोट्या गाड्यांत जपानी आणि कोरियन घराण्याच्याच जास्त, म्हणजे त्यांचं कूलंट बहुधा फॉस्फेटवालं. आणि त्यात घालायला हाताशी पाणी कसलं, तर युरोपवाल्यांनी ज्याची धास्ती घेतली तसलं जड. महागडं कूलंट आणून त्यात बोअरचं पाणी मिसळणं म्हणजे बासमती आणून खाऱ्या पाण्यात शिजवणं. कूलंटचा डबा कितीही चांगल्या कंपनीचा असला तरी त्यातली रसायनं धातूची राखण करायच्या आधी चुन्याशी भांडण्यातच निम्मी संपतात, आणि साका मात्र आपल्या रेडिएटरमध्ये राहतो.

म्हणून डिस्टिल्ड वॉटर. बॅटरीच्या दुकानात पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतं. मागताना ‘बॅटरीचं पाणी’ म्हणावं आणि कॅन हातात घेऊन वाचावं. बॅटरीचं ॲसिडही त्याच दुकानात, तसल्याच कॅनमध्ये असतं. घरच्या आरओचं पाणी बोअरपेक्षा कितीतरी बरं, पण त्यातही थोडे क्षार उरतात. अडचणीला चालेल, सवयीला नको. हे सगळं नको असेल तर तयार मिसळलेलं कूलंट घ्यावं. ते थोडं महाग पडतं, पण पाण्याचा प्रश्नच मिटतो.

तयार आणि घट्ट यातला फरकही डब्यावर पाहायला हवा. घट्ट कूलंट तसंच्या तसं ओतून ‘आपली गाडी एकदम मजबूत’ समजणारे आम्ही पाहिले. नुसतं ग्लायकॉल पाण्यापेक्षा दाट आणि उष्णता वाहायला आळशी. त्यात पाणी हवंच. किती, ते डब्यावर आणि पुस्तिकेत असतं. बहुतेक ठिकाणी निम्मं-निम्मं.

तिसऱ्या दिवशी आम्ही डिस्टिल्ड वॉटरचे दोन कॅन, घट्ट कूलंटचा डबा आणि पुस्तिका घेऊन गॅरेजला गेलो. मिस्त्री आधी म्हणाला, “एवढं कशाला सर, पाइप लावतो ना.” आम्ही म्हटलं, सुरुवातीला पाइप लावा, शेवट याच्यानं करू. इंजिन रात्रभर थंड झालेलं होतं. खालचा बूच काढला, काळं पाणी एका टोपल्यात उतरवलं. मग साधं पाणी भरून, हिटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवलं, थंड होऊ दिलं, पुन्हा उतरवलं. चौथ्या वेळी पाणी स्वच्छ आलं. त्यानंतर दोनदा डिस्टिल्डनं खंगाळलं. हे शेवटचं खंगाळणं महत्त्वाचं, कारण बूच काढला तरी सगळं पाणी बाहेर येत नाही. लिटरभर इंजिनाच्या पोटातच राहतं. ते बोअरचं राहिलं तर पुढची सगळी मेहनत पातळ होते. म्हणूनच आम्ही तयार कूलंट न घेता घट्ट घेतलं होतं: आत राहिलेलं डिस्टिल्ड पाणी हिशेबात धरून निम्मं प्रमाण साधता येतं. भरून झाल्यावर झाकण उघडं ठेवून, पंखा दोनदा फिरून थांबेपर्यंत इंजिन चालवलं, म्हणजे आत अडकलेली हवा निघून जाते. एवढ्यात मिस्त्रीचा शाळकरी पोरगा येऊन उभा राहिला आणि कॅनवरचं सगळं मोठ्यानं वाचून दाखवू लागला. वाचनाचा फायदा कुठं होईल सांगता येत नाही.

झाकणाबद्दल कुणीच बोलत नाही, म्हणून दोन शब्द. रेडिएटरचं झाकण बाटलीच्या बुचासारखं नसतं. ते आतला दाब धरून ठेवतं. साधारण एक बार जादा दाब असला तर साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. ग्लायकॉल मिसळलेलं त्याहून थोडं पुढं जातं. घरातला कुकर याच न्यायानं चालतो. म्हणजे उकळी रोखायचं मोठं काम हे झाकण करतं, आणि त्याचा रबरी वायसर कडक झाला, चिरला की सगळ्यात महाग कूलंटही वाफ होऊन निघून जातं. आमचं झाकण बदललं. सगळ्या खर्चात सर्वांत कमी पैसे त्यालाच लागले. आणि कुकरसारखंच, गरम असताना ते उघडायचं नाही. हायवेवर हात आणि चेहरा भाजलेले ड्रायव्हर आम्ही लहानपणापासून पाहिले आहेत.

पुष्कळशा छोट्या गाड्यांत आता तापमानाचा काटाच नसतो, फक्त एक दिवा असतो. तो लाल झाला की एसी बंद करावा, हिटर पूर्ण गरम करावा, गाडी सावलीत घेऊन इंजिन बंद करावं आणि निदान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नये. त्यानंतर जे स्वच्छ पाणी मिळेल ते, हळूहळू, खुशाल घालावं. तेव्हा डिस्टिल्डचा हट्ट धरू नये. घरी पोचल्यावर ते उतरवून पुन्हा नीट भरावं म्हणजे झालं. तापलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतलं तर मात्र हेडला तडा जाऊ शकतो.

आता जे सांगायचं आहे ते खरं तर गाडी न चालवणाऱ्यांसाठी, घर सांभाळणाऱ्या भगिनींसाठी.

काम झालं ते रमजानचे दिवस होते. उरलेलं कूलंट मिस्त्रीच्या पोऱ्यानं एका कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरून, कापडानं पुसून, आमच्या हातात दिलं. आम्ही घेतलेलं कूलंट शेवटी लालसर गुलाबी निघालं होतं. पुस्तिकेतल्या प्रकाराशी जुळत होतं तेच. उन्हात धरलं तर थेट रूह अफजा. घरी इफ्तारच्या तयारीत अशाच दोन बाटल्या फ्रिजमध्ये, एक ओट्यावर, आणि चार वर्षांचा नातू ‘शरबत, शरबत’ करत फिरणारा. आम्ही ती बाटली तिथंच परत केली आणि उरलेलं पुन्हा मूळ डब्यात भरून घेतलं. अम्मींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “या अल्लाह, गाडी को भी शरबत पिलाते क्या?” हसण्यासारखं आहे, पण इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि ते विष आहे. मोठ्या माणसाला गोडपणाचा संशय येईल, मुलाला येणार नाही. लहान मुलाच्या पोटात काही चमचे गेले तरी जिवावर बेतू शकतं. सुरुवातीला गुंगी, उलट्या, नशा चढल्यासारखं वागणं. मग मूल सावरल्यासारखंही वाटतं, आणि पुढच्या एक-दोन दिवसांत मूत्रपिंडं निकामी होऊ लागतात. म्हणून ‘बरा दिसतोय, बघू सकाळी’ असं अजिबात करायचं नाही. डबा सोबत घेऊन त्याच घटकेला दवाखाना गाठायचा, आणि काय प्यायलं ते डॉक्टरांना नाव घेऊन सांगायचं. वेळेत पोचलं तर यावर उपचार आहे.

शेळ्या, मांजरं, कुत्री यांनाही हा गोडवा ओढतो. आमच्याकडे गॅरेजच्या मागं उतरवलेलं पाणी सरळ नालीत सोडतात, आणि त्याच नालीवर शेळ्या येतात. टोपल्यात उतरवलेलं आमचं पाणी आम्ही झाकणाच्या डब्यात भरून घेतलं. पुढं त्याचं काय करायचं, याची सोय आमच्या गावात नाही. डबा सध्या गच्चीवर कुलूपबंद खोलीत आहे आणि पत्नी त्याच्याबद्दल आठवड्यातून एकदा विचारतात.

गल्लीतले चाचा हे सगळं पाहत होते. त्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे, धानाच्या हंगामात दिवस-दिवस चिखलणीला चालतो. ट्रॅक्टरचं प्रकरण कारपेक्षा थोडं वेगळं आहे. मोठ्या डिझेल इंजिनांत सिलिंडरच्या नळीला बाहेरून पाणी थेट भिडलेलं असतं. प्रत्येक धमाक्याला ती नळी थरथरते, पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन तिच्यावर फुटतात आणि हळूहळू लोखंडाला सुईनं टोचल्यासारखी भोकं पडतात. एक दिवस पाणी ऑइलमध्ये उतरतं. हे रोखणारं रसायन डिझेलसाठीच्या खास कूलंटमध्ये असतं, कारच्या प्रत्येक डब्यात असतंच असं नाही. म्हणून ‘गाडीतलं उरलंय, ट्रॅक्टरला टाका’ हेही बरोबर नाही. ट्रॅक्टरची पुस्तिका वेगळी असते.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बेटा, तीस साल से हातपंप का पानी पी रहा मेरा ट्रॅक्टर. मैं भी वही पीता.” यावर आमच्याकडे लगेच उत्तर नव्हतं. त्यांचा मुलगा मात्र संध्याकाळी घरी आला. ट्रॅक्टरची पुस्तिका त्यानं धानाच्या कोठीतून शोधून काढली होती, कोपरे उंदरांनी कुरतडलेले. आतलं कूलंटचं पान शाबूत होतं. ते इंग्रजीत होतं म्हणून त्याला मराठीत लिहून हवं होतं. आम्ही वहीचं एक पान फाडून लिहायला बसलो.